जुन्या कबरी, समाध्या आणि वीरगळ वाचवायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सात-आठ जण सुट्टीच्या दिवशी पुणे, रायगड आणि सातारा भागातली गावं फिरतो आणि जुन्या स्मारकशिळांच्या, समाध्यांच्या, कब्रस्तानांच्या नोंदी करतो. आमच्यात पुरातत्त्व शिकलेले दोघेच आहेत, बाकीचे नोकरी-धंदा सांभाळून येतात. गावात गेलं की पारावर आणि नंतर फोनवर लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

तुम्ही नेमक्या कोणत्या दगडांबद्दल बोलता? आपल्याकडे तर माणसं दहन करतात.

सगळे करत नाहीत. लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांच्यात दफनाची परंपरा आहे. मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू यांची कब्रस्तानं गावोगाव आहेत. मेळघाटात कोरकू लोक मेलेल्या माणसासाठी कोरीव लाकडी खांब उभारतात, त्याला मुंडा म्हणतात. जिथे दहन होतं तिथेही माणसाच्या नावाने दगड उभा राहिला: रणात पडलेल्यासाठी वीरगळ, सती गेलेल्या बाईसाठी सतीशिळा, संतासाठी आणि सरदारासाठी समाधी. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर राजघराण्यातल्या समाध्या आहेत आणि त्यांच्याच आसपास साध्या माणसांच्या बिननावाच्या चौथऱ्यांचीही गर्दी आहे. आमचं काम मुख्यतः या बिननावाच्यांसाठी चालतं. मोठ्यांच्या समाधीला निदान पाटी तरी असते.

वीरगळ ओळखायचा कसा?

बहुतेक वीरगळ कमरेएवढे किंवा त्याहून थोडे उंच असतात आणि त्यांच्यावर आडवे कप्पे पाडलेले असतात. ते खालून वर वाचायचे. सगळ्यात खाली वीर आडवा पडलेला किंवा लढताना दिसतो. बाजूला गाई असतील तर तो गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेला असं समजा. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो आणि शेजारी पुजारी असतो. माथ्यावर सूर्य आणि चंद्र. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो, तो एकदा पाहिला की कुठेही ओळखू येतो.

सगळेच वीरगळ जमिनीवरच्या लढाईचे नाहीत. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजं आणि आरमारी लढाई कोरली आहे. अभ्यासक ती तेराव्या शतकात शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात झालेल्या लढाईशी जोडतात. गोव्यातही कदंबांच्या काळातले जहाजं कोरलेले वीरगळ आहेत. एकसरचे दगड आज मुंबईच्या इमारतींच्या गर्दीत उभे आहेत. लोक त्यांना देव मानून पूजत आले, ही त्यांच्या वाचण्यामागची मोठी गोष्ट.

उद्या सकाळी जेसीबी येणार आहे. आज काय करू?

हा फोन आम्हाला सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी येतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी फोटो काढा. एक लांबून, ज्यात दगडाशेजारी विजेचा खांब, विहीर, शाळेची भिंत असं काही ओळखीचं येईल. मग चारही बाजूंनी. मग कोरीव भाग जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा वही ठेवून. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसतं. उजेड नसेल तर दुसऱ्या मोबाईलची बॅटरी दगडाच्या कडेला, अगदी तिरकी धरा. त्या तिरक्या उजेडात जी अक्षरं दिवसा दिसत नव्हती तीसुद्धा वर येतात.

मग सरपंच आणि ग्रामसेवकाला गाठा. त्याच रात्री एक पानी अर्ज लिहा: दगड कुठे आहे, त्यावर काय आहे, किती वर्षांपासून गावाला माहीत आहे, आणि तो जागेवरून हलवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून पाहणी व्हावी. अर्ज तहसीलदार आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय सहायक संचालकांच्या नावे करा. पुणे, नाशिक, रत्नागिरी, नागपूर अशी त्यांची विभागीय कार्यालयं आहेत. सकाळी अर्जाची पोच घ्या. शिक्का असलेली पोच हातात असली की साइटवरचा सुपरवायझर वेगळ्या आवाजात बोलतो, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

यंत्र चालवणाऱ्या माणसाशी भांडू नका. त्याला चहा द्या, दगड दाखवा, त्यावरचा वीर दाखवा. मावळातल्या एका गावात ऑपरेटरने स्वतः खाली उतरून दगडाला हात लावून नमस्कार केला आणि बकेट दहा फूट पलीकडे नेली. त्या दिवशी ना अर्ज लागला ना अधिकारी.

रस्त्याचं काम अजून सुरू झालेलं नाही, नुसती मोजणी झाली आहे. आत्तापासून काही करता येईल?

खरं काम याच वेळी होतं. राष्ट्रीय महामार्ग असेल तर भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रांताधिकाऱ्यांकडे द्यायची. ज्यांचा जागेशी संबंध आहे त्यांनी, म्हणजे ग्रामपंचायतीने, देवस्थानाने किंवा कब्रस्तानाच्या ट्रस्टने ती दिली तर वजन पडतं. रस्त्याचा आराखडा माहिती अधिकारात मागवा. आखणी कागदावर असते तोवर दोन मीटर सरकवायला पेन्सिल पुरते. खडी पडली की कुणी ऐकत नाही.

सोबत ग्रामसभेचा ठराव करून घ्या आणि ठरावात गट नंबर लिहा. "गावाच्या वेशीवरील पुरातन दगड" असं मोघम लिहिलेले ठराव आम्ही पाहिले आहेत. वेस कुठली, दगड किती, कुणालाच सांगता येत नाही.

शंभर वर्षांहून जुनं असलं की कायद्याने आपोआप संरक्षण मिळतं ना?

नाही, आणि या एका गैरसमजापायी बरंच काही गेलं. १९५८च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारकाची जी व्याख्या आहे, त्यात दफनाची जागा, कोरीव लेख आणि एकाश्म दगड येतात, आणि अट शंभर वर्षांचीच आहे. पण व्याख्येत बसणं आणि संरक्षित असणं वेगळं. सरकारने अधिसूचना काढून नाव घातलं तरच संरक्षण लागू होतं. राष्ट्रीय संरक्षित स्मारक असेल तर भोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, आणि स्मारकाची नासधूस केली तर २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राज्याचा स्वतःचा कायदा १९६०चा आहे. पण माळावरचा तुमचा वीरगळ बहुधा दोन्ही याद्यांत नसतो.

मग हाताशी काय उरतं? कब्रस्तानात घुसून लोकांच्या भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. शंभर वर्षांवरचं सुटं शिल्प किंवा शिलालेख १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतो, तो परवान्याशिवाय विकता येत नाही आणि देशाबाहेर नेता येत नाही. महापालिका हद्दीत वारसा यादी असते का ते पाहा. मुंबईत ती नियमावली १९९५पासून आहे. सातबारावर "कब्रस्तान" किंवा "स्मशान" अशी नोंद असेल तर तिचा उतारा आजच काढून ठेवा. तलाठ्याकडचा जुना गाव नकाशाही पाहा. त्यावर एखाद्या कोपऱ्यात थडग्याची खूण सापडते आणि ती एक खूण पुढे दहा भाषणांपेक्षा जास्त कामाला येते.

आमच्या देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे. आवारातले जुने दगड कुठे ठेवायचे?

जिथे आहेत तिथेच. महामार्गांनी जेवढे वीरगळ नेले नसतील तेवढे जीर्णोद्धाराने नेले, असं माझं मत आहे, आणि हे मी देवळात जाणारा माणूस म्हणून सांगतो. नव्या फरशीला आडवा येतो म्हणून दगड नदीत सोडला जातो, नाहीतर पायरी म्हणून पालथा घातला जातो. एका गावात आम्हाला वीरगळ विहिरीच्या काठावर सापडला. बायका त्यावर धुणं आपटत होत्या. वरचं शिवलिंग साबणाने आणि मोगरीने इतकं गुळगुळीत झालं होतं की बोट फिरवल्यावरच कळलं. एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, देव होता होय हा, आमच्या सासूपासून इथंच धुतोय." त्यांनीच दुसऱ्या दिवशी चार माणसं लावून तो उभा केला.

फरशी घालायचीच असेल तर दगडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, पाणी निघून जाईल अशी. दगड सिमेंटमध्ये गाडू नका. सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात आणि काही वर्षांत कोरीव भागाचे पापुद्रे सुटू लागतात. बसवायचा असेल तर चुन्यात किंवा नुसत्या मुरुमात बसवा.

वीरगळावर शेंदराचे थर आहेत. काढून टाकायचे का? आत काय आहे ते दिसेल.

आपणहून नाही. शेंदूर लागलेला दगड म्हणजे गावाने सांभाळलेला दगड. म्हसोबा म्हणा, वेताळ म्हणा, नुसता वीर म्हणा, कुणीतरी दर अमावास्येला तिथे नारळ फोडतं म्हणून तो अजून उभा आहे. उत्साही मुलांनी रात्रीत शेंदूर खरवडला आणि सकाळी गाव चिडलं, असंही घडलं आहे. कधी जाड कवच आपोआप सुटतं, तेव्हा पुजाऱ्याला विचारून फोटो घ्या. मात्र ऑइलपेंट थांबवा. शेंदूर परंपरेचा आहे, ऑइलपेंट दुकानातला. तो दगडाचा श्वास बंद करतो आणि आतली ओल बाहेर पडू देत नाही.

कब्रस्तान साफ करायला पन्नास स्वयंसेवक येणार आहेत. काय काळजी घ्यावी?

पन्नास फार झाले, दहा आणा. बाकीच्यांना पुढच्या रविवारी बोलवा.

पहिल्या दिवशी फक्त गवत, तेही कोयत्याने वरच्या वर. जाळू नका, उष्णतेने दगड तडकतो. तणनाशक नको. पिंपळ-उंबराची मुळं थडग्यात शिरली असतील तर ओढू नका, मुळाबरोबर चिरेही येतात. खोड कापा, मूळ आतच वाळू द्या. दगड धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, ब्लीच, प्रेशर पंप यांतलं काहीही नको. काळा बेसाल्ट एक वेळ टिकेल, पण ख्रिस्ती थडग्यांवरचा संगमरवर पावसाने आधीच साखरेसारखा भुसभुशीत झालेला असतो, अ‍ॅसिड लागलं की अक्षर गेलंच. काही संगमरवरी पाट्यांवर शिशाची अक्षरं बसवलेली असतात. एखादं गळून पडलेलं दिसलं तर पाकिटात घालून कुठल्या कबरीचं ते त्यावर लिहा.

आणि अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू नका. तिरका उजेड पुरतो.

दगडावरचं साल कसं लावायचं?

शके असेल तर ७८ मिळवा, म्हणजे शके १७०१ म्हणजे इसवी सन १७७९. पौष-माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. हिब्रू सनातून ३७६० वजा करा, हिब्रू वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांसाठी, म्हणजे साधारण सप्टेंबर ते डिसेंबर, ३७६१. हिजरी सन चांद्र आहे, त्याला असं सरळ गणित चालत नाही, तक्ता पाहावा लागतो. मुसलमानी कबरींवर साल नसलं तरी एक गोष्ट वाचता येते: पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा असतो आणि बाईच्या कबरीवर सपाट तख्ती. वाचता न येणारा लेख असेल तर अंदाजाने पाटी लावू नका. चुकीची पाटी पुसायला पन्नास वर्षं लागतात.

ही कब्रस्तानं आमच्या समाजाची नाहीत. आम्ही कशाला मध्ये पडायचं?

वडगाव मावळला कॅप्टन जेम्स स्टुअर्टची कबर आहे. हा इंग्रज ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला मराठ्यांच्या तोफेने पडला. आपल्यावर चालून आलेला शत्रू. आपल्या लोकांनी त्याला इष्टूर फाकडा म्हटलं, त्याच्या धाडसाचं कौतुक केलं आणि पुढे त्याच्या कबरीला नवससुद्धा बोलले. ही आपली रीत आहे. मेलेल्याशी वैर नसतं हे मावळातल्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही.

जिथे ही शेजारधर्माची राखण राहिली नाही तिथे काय होतं तेही पाहा. मुंबईतल्या सुरुवातीच्या इंग्रजांना मेंढम पॉइंटवर पुरत. अठराव्या शतकात शहर वाढलं, दफनभूमी सोनापुराकडे गेली, आणि मेंढम पॉइंटवर आज एक दगड शिल्लक नाही. सत्तेवर असलेल्यांचीही थडगी टिकत नाहीत, मग गावातल्या चार घरांच्या समाजाचं कोण बघणार?

कोकणातली ज्यू कब्रस्तानं कुणाची? तिथे तर आता कुणी राहत नाही.

हा प्रश्न माझ्या सगळ्यात जवळचा आहे. कोकणातल्या या ज्यूंना बेने इस्रायली म्हणतात. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांची घेतली: पेणकर, रोहेकर, झिराडकर, किहीमकर. १९४८नंतर बहुतेक इस्रायलला गेले. तिकडे दिमोना, लोद, अश्दोदला आजही घरात मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत.

त्यांच्या थडग्यांवर वर हिब्रू आणि खाली देवनागरीत मराठी असते. अलिबाग तालुक्यातल्या एका वाडीत सकाळी सातच्या उन्हात आम्ही एक दगड वाचला. हिब्रू आमच्यातल्या कुणाला येत नव्हतं, पण खाली अमक्याची बायको, अमक्याची आई, आणि शेवटी मुलाने हा दगड लावला असं लिहिलं होतं, अगदी आपल्या घरातल्या भाषेत. दगडावर दोन लहान खडे ठेवलेले होते. ज्यू लोक फुलांऐवजी खडा ठेवतात. म्हणजे कुणीतरी आलं होतं.

जमीन बहुतेक ठिकाणी समाजाच्या किंवा सिनेगॉगच्या नावे असते. फार्महाउसचे प्लॉट पडले की बांध सरकतो, कुंपण आत येतं. शेजारच्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या लक्ष ठेवलेलं असतं, त्याला आधी भेटा. शनिवारी कामाला जाऊ नका, त्यांचा शब्बाथ असतो. खडे उचलू नका.

नागपूरकडे शेतात दगडांची वर्तुळं आहेत. तीही कबरीच का?

हो, आणि आपल्या राज्यातल्या सर्वात जुन्या दफनभूमींपैकी. लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत ती. नागपूरजवळ जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं मोजली गेली आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथे उत्खननं झाली. माहुरझरीला माणसांबरोबर घोडाही पुरलेला सापडला, तांब्याच्या अलंकारांसकट. बाहेरून पाहणाऱ्याला ते नुसते गोटे दिसतात. म्हणून नांगरणीत, खाणीत आणि लेआउटमध्ये ते सहज जातात. गोटा हलला की वर्तुळ मोडलं. शेतात असं वर्तुळ असेल तर एवढंच करा: त्यातला दगड बांधावर टाकू नका आणि खात्याला कळवा.

खाली धन असतं म्हणतात, खरं का?

नाही. वीरगळाखाली माती असते, समाधीखाली माणूस असतो. या समजुतीपायी किती समाध्या अमावास्येच्या रात्री फोडल्या गेल्या याची गणती नाही. कुठेही जमिनीत काही पुरलेलं सापडलंच तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे.

दगड हलवण्यावाचून गत्यंतरच नसेल तर? संग्रहालयात द्यावा का?

गावातच ठेवा, जुन्या जागेपासून जितका जवळ ठेवता येईल तितका: शाळेचं आवार, ग्रामपंचायत, देऊळ. संग्रहालयात दगड सुरक्षित राहतो, पण त्याला विचारणारं कुणी राहत नाही. हलवण्याआधी तो कोणत्या दिशेला तोंड करून होता आणि जमिनीत किती गाडलेला होता हे मोजून लिहा. साखळी थेट दगडाला लावू नका, गोणपाट आणि कापडी पट्टा वापरा. खालचा गाडलेला भाग कापून टाकू नका. लेख पुष्कळदा तिथेच असतो.

आमच्या स्वतःच्या जागेत जुनी कबर आहे, जागा विकायची आहे.

विका, पण लपवून नको. खरेदीखतात कबरीची जागा, मापं आणि जाण्या-येण्याची वाट लिहून ठेवा आणि नकाशावर दाखवा. ज्यांची कबर आहे त्यांचा वारस किंवा ट्रस्ट सापडला तर त्यांना कळवा. मुसलमानी कबर असेल तर वक्फ मंडळाकडे नोंद आहे का ते पाहा. चार फुटांची जागा वगळल्याने प्लॉटचा भाव पडल्याचं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

दगड गेलाच. आता काही करण्यासारखं आहे का?

आहे. पुण्यात खडकीला युद्ध दफनभूमी आहे. तिथल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात वारलेल्या १८००हून अधिक सैनिकांची नावं आहेत. ती तिथे एकत्र कोरली गेली, कारण ठिकठिकाणच्या दफनभूम्यांत त्यांच्या कबरींची निगा राखणं शक्य राहिलं नव्हतं. कबर गेली तरी कुणाची होती ते लिहिलेलं होतं, म्हणून नाव राहिलं.

तसंच करा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, दगड कुठे होता, त्यावर काय होतं, त्याला काय म्हणत. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये शोधा. देवळापुढच्या वरातीच्या फोटोत मागे वीरगळ उभा असलेला आम्हाला दोनदा सापडला. मिळालेलं सगळं एका कागदावर तारीख घालून लिहा आणि ग्रामपंचायतीत एक प्रत द्या. शोधही थांबवू नका. भोर भागातल्या एका गावातून नाहीसा झालेला वीरगळ सहा महिन्यांनी रस्त्याच्या मोरीत पालथा मिळाला. आमच्या कागदावर लिहिलं होतं की उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. गुराख्याच्या पोराने चिखलात हात घालून तो कोपरा चाचपला आणि वर बघून हाक मारली, "दादा, इथं टवका हाय!"